हवामान बदलाचा अनुभव विचारायचाय ना, मग तो शब्द आधी बाजूला ठेवा

विचारणा अशी आहे की चार-पाच जण मिळून कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात खानापूर, बेळगावचा पश्चिम भाग आणि निपाणी-कागवाडकडची नदीकाठची गावं इथं हवामान बदलाबद्दल लोकांना काय अनुभव येतोय याचा सर्व्हे करणार, आणि त्यावरून मराठीत पत्रकं, छोटे व्हिडिओ असं काहीतरी काढणार. ४० प्रश्नांचा गूगल फॉर्म तयार आहे, पहिला प्रश्न 'हवामान बदल म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे का?'. हे बरोबर आहे का, आणि काय सुधारावं?

मी या भागात वीसेक वर्षं गावोगाव फिरून सर्व्हे करतोय, आधी पाणी आणि आरोग्यावरचे, नंतर बरेचसे पूर, पाऊस आणि शेतीवरचे. तुमचा विचार मला मनापासून आवडला कारण आपल्या भागात हे काम मराठीत फारच थोडं झालंय. पण तो पहिला प्रश्न काढून टाका, आणि शक्य असेल तर 'हवामान बदल' हा शब्दच मुलाखतीच्या शेवटापर्यंत तोंडातून काढू नका.

कारण सांगतो. आपल्याकडे हवामान बदल म्हणजे सर्दी-खोकला. पेपरात दर वर्षी बातमी असते, हवामान बदलामुळे तापाचे रुग्ण वाढले, दवाखान्यात गर्दी. मी एकदा जांबोटीजवळच्या एका वाडीत असंच सरळ विचारलं होतं, 'काकी, हवामान बदलाचा काय त्रास होतोय?', तर त्या म्हणाल्या 'होतोय की, पोराला परवा दवाखान्यात न्हेलं, इंजेक्शन दिल्यावर बरं वाटलं'. उत्तर अगदी खरं होतं, प्रश्न माझा चुकला होता. आता हेच उत्तर गूगल फॉर्मवर 'हो, त्रास होतो' असं टिक होऊन येतं आणि तुम्ही रिपोर्टात लिहिता की अमुक टक्के लोकांना हवामान बदलाचा फटका बसलाय. आकडा छान दिसतो, पण त्यात अर्धे लोक सर्दीबद्दल बोलत असतात. 'जागतिक तापमानवाढ' म्हटलं तर उलटं होतं, समोरचा गप्प बसतो, त्याला वाटतं परीक्षा चाललीय, मग शेजारच्या कॉलेजच्या पोराकडं बघतो.

हे फक्त आपल्याच भागात घडतं असं नाही. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाने २०११ साली भारतभर जो सर्व्हे केला त्यात ४१ टक्के लोकांनी ग्लोबल वॉर्मिंग हा शब्द कधी ऐकला नाही किंवा माहीत नाही असं सांगितलं, आणि मग सगळ्यांना सोप्या भाषेत दोन ओळीत अर्थ सांगितल्यावर एकूण ७२ टक्के लोक म्हणाले, होय, असं होतंय. म्हणजे अनुभव होता, फक्त त्याचं नाव माहीत नव्हतं. त्याच मालिकेतल्या २०२१-२२ च्या सर्व्हेत ७४ टक्के लोक म्हणाले की आम्ही स्वतः परिणाम अनुभवलेत. तुम्ही जर 'माहीत आहे का' एवढंच विचारलं तर तुमच्या हाताला फक्त शब्दाची माहिती लागेल, आणि पत्रक काढताना तुम्ही लोकांना अडाणी समजून सुरुवात कराल, जे मला सगळ्यात जास्त खटकतं.

मग विचारायचं काय? वर्ष विचारायचं. 'मागच्या वर्षी पेरणी कधी केली, कुरीने (बी पेरायच्या अवजाराने) केली की रोप लावलं, का?' एवढ्यावर माणूस अर्धा तास बोलतो. आपल्या पश्चिम भागात मे महिन्यात वळवाचे एक-दोन पाऊस झाले की मशागत करून धूळवाफ पेरणी करायची आणि वर मिरगाचा पाऊस पडला की भात उगवून यायचं, हे सगळं गणित बाकीचा मे कोरडा असण्यावर आहे. २०२५ ला मान्सून केरळात २४ मेलाच आला, २००९ नंतर इतका लवकर पहिल्यांदाच, आणि त्याआधीपासून वळीव असा कोसळत होता की शिवारात वाफसाच (पेरणीजोगी ओल) येईना. वाफसा नाही तर कुरी कशी चालणार. २०२३ ला नेमकं उलटं, केरळातच ८ जूनला आला, पेरलेलं तसंच जमिनीत पडून, आणि त्याच वर्षी पुढे कर्नाटक राज्याच्या २३६ पैकी २२३ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. अशी दोन उलटसुलट वर्षं ज्याने काढलीत त्याला 'पावसाची अनिश्चितता वाढली आहे असे वाटते का, १ ते ५ मध्ये सांगा' हे विचारण्यात काय अर्थ आहे? त्याला 'तेवीसला काय केलंत आणि पंचवीसला काय केलंत' हे विचारा. तो सांगेल की धूळवाफ सोडून रोप टाकलं, लावणीला माणसं मिळेनात, मजुरी वाढली, बी दोनदा घेतलं, सोसायटीचं कर्ज तसंच राहिलं. हवामान बदल त्याच्या घरात कुठून शिरला ते तुम्हाला तिथं सापडतं.

आता एक गोष्ट जी मला शिकायला बराच वेळ लागला, ती म्हणजे नक्षत्रं. सुरुवातीला मी महिने विचारायचो, जून की जुलै, आणि उत्तरं सगळी गोलमाल यायची. नंतर एका आज्जीने मला सरळ केलं, म्हणाल्या जून-बिन नको, नक्षत्र विचार. रोहिणी, मिरग, आडदरा, मग तरणा पाऊस, म्हातारा पाऊस, आसळका, मघा, हे सगळं त्यांच्या बोटावर. आणि सर्व्हे करणाऱ्याला याचा फार मोठा फायदा आहे कारण पावसाची नक्षत्रं सूर्यावर चालतात, चंद्रावर नाही, त्यामुळे दर वर्षी जवळपास त्याच तारखांना येतात. मृग ७-८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला, तरणा म्हणजे पुनर्वसू ५-६ जुलैला, म्हातारा म्हणजे पुष्य २० जुलैच्या आसपास, आसळका म्हणजे आश्लेषा ३ ऑगस्टच्या आसपास. प्रत्येक तेरा-चौदा दिवसांचं. म्हणजे लोकांच्या आठवणीतली तारीख तुम्हाला इंग्रजी तारखेत एक-दोन दिवसांच्या फरकाने बदलता येते, आणि मग पर्जन्यमापकाच्या नोंदीशी ताडून बघता येते. २०१९ चा पूर लोक 'आसळकात आलेला' म्हणतात, २०२१ चा 'म्हाताऱ्या पावसात', आणि नोंदी काढून बघा, पहिला ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातला आणि दुसरा जुलैच्या २२-२५ च्या दरम्यानचा, दोन्ही बरोबर जुळतात. ग्रामपंचायत पातळीवर आपल्या राज्याने आपोआप नोंद करणारे पर्जन्यमापक बसवलेत, त्यामुळे अलीकडच्या वर्षांसाठी गावाच्या अगदी जवळची नोंद मिळू शकते.

नक्षत्रांचा अजून एक उपयोग म्हणजे वाक्यं. 'पूर्वी मिरगात पेरलेलं आडदऱ्यात कोळपायला यायचं, आता आडदरा कोरडा जातो आणि म्हातारा एकदम बुडवतो', हे वाक्य मला एकाने दिलं होतं आणि माझ्या मते कुठल्याही रिपोर्टातल्या आलेखापेक्षा ते जास्त सांगतं. अशी वाक्यं जशीच्या तशी लिहून घ्या, शुद्ध करू नका. नंतर व्हिडिओ कराल तेव्हा हीच भाषा लागणार आहे.

पण आठवणीवर डोळे झाकून विश्वास पण नको. लोक खोटं बोलतात असं म्हणायचं नाही मला, आठवणीचा स्वभावच तसा आहे. डॅनियल पॉली नावाच्या मत्स्यशास्त्रज्ञाने १९९५ साली मांडलं होतं की प्रत्येक पिढी आपण तरुणपणी जे बघितलं तेच 'नेहमीचं' धरून चालते, त्यामुळे हळूहळू होणारी घसरण कुणाला दिसतच नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत ट्विटरवरच्या पोस्टचा एक अभ्यास झाला, त्यात दिसलं की तापमानाच्या बाबतीत लोकांचं 'नेहमीचं' म्हणजे साधारण मागच्या दोन ते आठ वर्षांतलं. हवामानशास्त्रात मात्र सरासरी तीस वर्षांची धरतात. म्हणून तुमच्या नमुन्यात वयाचे तीन थर ठेवाच, साठीच्या पुढचे, चाळिशीतले आणि पंचविशीच्या आतले, आणि एकाच घरातले मिळाले तर फारच उत्तम. आज्जा आणि नातू एकाच कट्ट्यावर बसून 'जोराचा पाऊस' कशाला म्हणतात ते ऐका, तिथंच तुम्हाला फरक कळेल.

अजून एक घोटाळा होतो. लोक म्हणतात 'पाऊस कमी झाला', तुम्ही आकडे काढता तर वर्षाची बेरीज तेवढीच, किंवा जास्त. मग नवीन पोरं म्हणतात लोकांचा समज चुकीचा आहे. थांबा. शेतकरी मिलिमीटर मोजत नाही, तो कामाचे दिवस मोजतो. झिमझिम पडून जमिनीत मुरणारा पाऊस कमी झाला, रिपरिप संपली, हे त्याला म्हणायचं असतं. दोन दिवसांत एवढं पडलं की बांध फुटला, त्याच्यासाठी तो पाऊस नाहीच, तो नुकसान आहे. म्हणून 'कमी म्हणजे कसा कमी?' हा प्रश्न दर वेळी विचारायचाच. आणि नोंदींत बेरीज नाही बघायची, पावसाचे दिवस, मधली उघडीप किती दिवसांची होती आणि एका दिवसातला सर्वात मोठा पाऊस, हे तीन बघायचे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात मोठ्या भागावर पडणाऱ्या अतिमुसळधार पावसाच्या घटना तिपटीने वाढल्या, तेही मोसमी पाऊस एकूणात कमजोर होत असताना. म्हणजे आपला शेतकरी जे म्हणतोय त्याच जातीची गोष्ट, फक्त मोठ्या नकाशावर.

आता कारणाकडे येतो, कारण तुमच्या पत्रकाची खरी कसोटी तिथं लागणार आहे. ब्रिटनमध्ये २०११ साली १,८२२ लोकांच्या एका अभ्यासात दिसलं की ज्यांनी पूर सोसला होता त्यांना हवामान बदलाची काळजी जास्त होती आणि वीज वाचवायची तयारी पण जास्त होती. हे वाचून पुष्कळ संस्थांना वाटतं की पूर आला म्हणजे लोक आपोआप जागे होणार. कृष्णा-दूधगंगाकाठी तसं सरळ होत नाही. मांजरी, कागवाड, यक्संबा, सदलगा, कुठंही जा, पूर म्हटलं की पहिलं नाव धरणाचं, वरून कोयना सोडलं आणि खाली अलमट्टी अडवलं. महाराष्ट्राने २०१९ च्या पुरानंतर वडनेरे समिती नेमली होती, तिने अलमट्टीवर मुख्य दोष ठेवला नाही, प्रचंड पाऊस आणि नदीपात्रातली अतिक्रमणं यांच्याकडे बोट दाखवलं, तरी लोकांचं समाधान झालेलं नाही. बेळगाव शहरात विचारलं तर बळ्ळारी नाला येतो, नाल्यात गाळ, जलपर्णी, मग पाणी येळ्ळूर-शहापूरच्या भातशेतीत शिरतं, उभं पीक कुजतं. हे पण खरंच आहे की!

इथं बहुतेक सगळे चुकतात, मी पण चुकलोय. आपण म्हणायला जातो, 'तसं नाही हो, खरं कारण हवामान बदल आहे'. झालं, तिथं संवाद संपला. त्या माणसाला वाटतं हा धरणवाल्यांची, ठेकेदारांची बाजू घ्यायला आलाय, आणि त्याचं वाटणं चुकीचं नाही कारण हवामान बदलाचं नाव पुढे करून जबाबदारी झटकणारे पण आहेत. त्यापेक्षा त्याचं कारण पूर्ण मान्य करून पुढची एक कडी जोडायची. नाला बुजलेलाच होता, आता वरून पडणारं पाणी पण वाढलंय, म्हणून बुजलेला नाला आता जास्त महाग पडतो. हवा एक अंशाने तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त बाष्प मावतं, आणि २०११-२० च्या दशकापर्यंतच जग १८५०-१९०० च्या मानाने सरासरी १.१ अंश तापलं होतं, तर तेवढं जास्त पाणी एकदम खाली यायला तयार असतं. 'मग नाला आधीपेक्षा मोठा पाहिजे की नाही?' असं विचारलं की लोक लगेच हिशोबाला लागतात. प्रश्नावलीत म्हणून कारणाचा प्रश्न उघडा ठेवा, पर्याय देऊ नका, आणि जे सांगतील ते सगळं लिहा, धरण, झाडतोड, रस्ता रुंदीकरण, देवाचा कोप, मोबाईलचा टॉवर, सगळं. 'अजून काय?' दोनदा विचारा. तुमचं पत्रक या यादीला उत्तर देणारं पाहिजे.

शहरात उन्हाळ्याचा विषय घ्या. बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणायचे, घरात पंखा नसायचा, हे पन्नाशीच्या पुढचा प्रत्येक माणूस सांगतो. 'तुमच्या घरात पहिला पंखा कधी लागला, आणि आता कुठल्या महिन्यात चालू करता' हा प्रश्न विचारून बघा. फक्त इथं पण काँक्रीट आणि रस्त्याकडची तोडलेली झाडं यांचा वाटा मोठा आहे, तो वेगळा नोंदवा. देशाचं सरासरी तापमान १९०१ ते २०१८ मध्ये ०.७ अंशाने वाढलंय, आणि शहरातल्या माणसाला जो फरक जाणवतो तो त्याहून कितीतरी जास्त आहे, तो सगळा हवामान बदलाच्या खात्यावर टाकला तर उद्या कुणीतरी तुम्हाला खोटं पाडेल आणि पुढचं कुणी ऐकणार नाही.

बायकांशी वेगळं बसा. हे मी सवयीने सांगत नाही, अनुभवाने सांगतोय. पुरुष पेरणी, ऊस, नुकसानभरपाई सांगतात. बायकांकडून येतं ते असं की मे महिन्यात कुरडया-सांडगे वाळत घातले आणि दुपारी वळीव आला, लाकडं-शेणी भिजल्या, गवताच्या गंजीत पाणी गेलं म्हणून दुभत्याला वैरण नाही, रोप लावताना दिवसभर कमरेत वाकून पाण्यात आणि आता त्या दिवसांतच ऊन असं की चक्कर येते. निपाणीकडे तंबाखू उन्हात वाळवायच्या वेळी आभाळ आलं की घरात काय धावपळ होते ते पण बायकाच नीट सांगतात. स्त्रीशक्ती संघाच्या (बायकांच्या बचत गटाच्या) बैठकीनंतर अर्धा तास मागून घ्या, पण आधी अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईला भेटा, त्यांच्याशिवाय दार उघडत नाही.

भाषेचं बघा. आपल्या भागात घरात मराठी, कचेरीत कन्नड, जांबोटी-कणकुंबीच्या पुढे कोकणीची छाया. पावसाचे इशारे, शेती खात्याचे मेसेज बहुतेक कन्नडमधून येतात, आणि साठीच्या पुढच्या मराठी माणसाला ते वाचता येत नाहीत, नातवाकडून वाचून घेतो. म्हणून एक प्रश्न नक्की घाला, 'मागच्या वेळी जोराच्या पावसाचा इशारा तुम्हाला कुणी सांगितला, कुठल्या भाषेत, आणि मग तुम्ही काय केलंत?'. यातून तुमचं पत्रक कुणाच्या हातून जायला पाहिजे ते कळेल. राजकारण यात आणू नका, कुणी आणलंच तर ऐकून घ्या आणि पुढे चला. मुलाखत घेणारा त्याच भागातला असू दे, खानापूरचा पोरगा कागवाडला पाठवला तर बोली पण वेगळी आणि पाऊस पण वेगळा, एकाच जिल्ह्यात कणकुंबीला हजारो मिलिमीटर पडतो आणि अथणीकडे पाच-सहाशेच्या आसपास.

यावरून आठवलं, एका संस्थेने काही वर्षांपूर्वी खानापूर भागात पोस्टर लावली होती, भेगाळलेली जमीन आणि डोक्याला हात लावलेला शेतकरी. ज्या गावात भात पाण्यात कुजत होतं तिथं! लोक म्हणाले 'हे अथणीकडचं दिसतंय', आणि खरंच त्यांनी त्याकडे परत बघितलं नाही. फोटो निवडताना गावातल्याच लोकांना पाच-सहा फोटो दाखवा आणि 'यातला आपल्याकडचा कुठला?' एवढं विचारा. काजूचा मोहर अवकाळीने काळा पडलेला, रताळ्याच्या वेलीत साचलेलं पाणी, पुराच्या पाण्याची भिंतीवरची रेघ, असलं काही चालतं. भीती दाखवून सोडून देऊ नका, प्रत्येक पत्रकात त्या हंगामात करता येण्यासारखी एक गोष्ट पाहिजे, आणि ती शेती खात्याच्या रयत संपर्क केंद्रातल्या माणसाला आधी दाखवून घ्या, नाहीतर तुम्ही एक सांगाल आणि तो दुसरं.

सांगणारा कोण हे पण सर्व्हेतच विचारा. माझ्या अनुभवात खताच्या दुकानदाराचं ऐकतात, डेअरीच्या सेक्रेटरीचं ऐकतात, आणि आपल्याकडे गावोगाव पारायण सोहळे होतात तिथल्या कीर्तनकाराचं तर फारच ऐकतात. एका कीर्तनकारांना आम्ही गावच्या पावसाच्या नोंदी दिल्या होत्या, त्यांनी स्वतःच्या पद्धतीने दहा मिनिटं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीन जण येऊन ओढ्याकडच्या बांधाबद्दल विचारत होते. व्हिडिओच्या मागे लागण्याआधी हे करून बघा.

गूगल फॉर्म फक्त तुमच्या नोंदीसाठी वापरा, लिंक पाठवून भरून घेऊ नका, त्यात फक्त शिकलेली तरुण मुलं येतील. ४० प्रश्न खूप झाले, १२-१५ वर आणा आणि आधी दहा घरांत चालवून बघा, जिथं लोक अडखळतात तो प्रश्न बदला. पूरग्रस्त गावात पहिल्यांदाच स्पष्ट सांगा की आम्ही नुकसानभरपाईवाले नाही, वही दिसली की लोकांना पंचनामा वाटतो आणि मग नुकसान वाढवून सांगितलं जातं, त्यांचा दोष नाही, त्यांनी कितीतरी पंचनामे बघितलेत आणि हातात काही पडलेलं नाही. ज्यांचं घर पडलंय, माणूस गेलंय, तिथं प्रश्नावली मिटवा आणि नुसतं बसा. आणि जे काही निघेल ते परत गावात जाऊन मंदिरात नाहीतर शाळेत वाचून दाखवा, चुकलं असेल तर लोक तिथंच दुरुस्त करतात, माझे दोन रिपोर्ट असे लोकांनीच सुधारलेत.

शेवटचं, वेळ. जून-जुलैत जाऊ नका, लावणी चालू असते, कुणाला थांबायला वेळ नसतो आणि तुम्ही थांबवलं तर पाप लागेल. गणपतीत घरं भरलेली असतात पण बोलणं होत नाही. भाताची सुगी आटोपल्यावर, डिसेंबर-जानेवारीत जा, संध्याकाळी शेकोटीजवळ माणसं निवांत असतात, वर्ष डोक्यात ताजं असतं. पहिल्या फेरीला कागद न्यायचाच नाही, मोबाईल खिशात, आणि एकच विचारायचं, 'यंदाचं वर्ष कसं गेलं, रोहिणीपासून सांगा'. ते ऐकून आल्यावर नवीन प्रश्नावली करा आणि मला पाठवा, मी नक्की बघून देतो.